डोंगरवाल्यांनी हात लावू नये

सोमवार, ३ मार्च

कामिनिएलीची खुर्ची कुणीतरी नेली. टेबल तसंच आहे. चहाचे गोल डाग. काचेखाली फिजीचा नकाशा, त्यावर माझ्या गावाच्या जागी शाईचा ठिपका आणि त्याच्या अक्षरात – "इथे काही नाही."

गुरुवारी त्याला मातीआड केलं. आज कामावर आले. घरी बसून तरी काय करणार.

दुपारी संगणक सांभाळणाऱ्या अपोरोसाने विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या नव्या कॅटलॉगची चाचणी दाखवली. जूनपासून जुना बंद, हा सुरू. भिंतीवरच्या पडद्यापुढे सगळे बसलो – आमच्या प्रमुख मुदलियार मॅडम, काउंटरवरच्या दोघी, मी. त्याने उदाहरण म्हणून नदीतल्या माशांवरचं एक ई-पुस्तक उघडलं. नाव, लेखक, वर्ष, लिंक. आणि खाली ठळक अक्षरांत, सगळ्या जगाला दिसेल असं –

"प्रकरण चार रेवा नदीवर. कानाथे, इका द्रोका हे मासे तिथे सापडतील. डोंगरवाल्यांनी हात लावू नये. त्यांच्याकडे मासा डब्यात पिकतो."

डोंगरवाली म्हणजे मी. मी जेवायला रोज टिनच्या डब्यातला ट्यूना मासा आणते. आणायची.

मग काउंटरवरची सेरा हसली आणि हसता हसता रडायला लागली.

मॅडमनी विचारलं, असं आणखी किती ठिकाणी आहे? अपोरोसा म्हणाला, कामिनिएलीने हात लावला त्या जवळजवळ प्रत्येक नोंदीत. जुन्या कॅटलॉगमध्ये हा टिपांचा रकाना वाचकाला दिसत नव्हता, फक्त शोधाच्या कामी यायचा. नवा कॅटलॉग काही लपवत नाही.

मॅडम म्हणाल्या, रकानाच काढून टाक. एका फटक्यात होईल ना?

होईल, तो म्हणाला.



मंगळवार, ४ मार्च

झोप लागली नाही म्हणून पहाटेच लिहिते आहे.

त्याचं बेट आणि माझं गाव तौवू. आमच्या पूर्वजांचा देव एक. तौवूला तौवूची वाटेल ती थट्टा करता येते, त्याची वस्तू उचलून नेता येते, आणि समोरच्याला रागवायची सोय नाही. मयताच्या घरी तर हे करायचंच असतं. रडणाऱ्या घरात तौवूने शिरून गोंधळ घालायचा, चटई पळवायची, मेलेल्याला नावं ठेवायची. म्हणजे घरचे जरा हसतात.

गुरुवारी त्याच्या घरी मी कोपऱ्यात बसून राहिले. यांगोनाच्या मुळीच्या पेयाची वाटी आली, प्यायले, टाळी वाजवली, पुढे दिली. काही उचललं नाही. काही बोललेही नाही. त्याच्या बायकोने दोनदा माझ्याकडे पाहिलं.

इतकी वर्षं समोरासमोर बसलो. तो रोज टोमणा मारायचा आणि मी रोज मान खाली घालून हसायचे. उत्तर नंतर सुचायचं, बसमध्ये, नाउसोरी आल्यावर.

बुधवार, ५ मार्च

मॅडमच्या खोलीत गेले. मी आपणहून आले याचं त्यांना नवल वाटलं असावं. चष्मा काढला आणि बस म्हणाल्या.

मी सांगितलं, रकाना पुसला तर थट्टेबरोबर शब्दही जातील. पुरवठादार पुस्तकांबरोबर ज्या नोंदी पाठवतात त्या दूर कुठेतरी बसून केलेल्या असतात. "मासे – ओशनिया." संपलं. लाबासाची मुलगी "सालाला" हे माशाचं नाव टाकून शोधते, तिला काही मिळत नाही. ती समजते ग्रंथालयात काही नाही. पुस्तक असतं, पैसे भरलेले असतात, फक्त तिच्या शब्दाला ते ओळखत नाही. कामिनिएलीने ती ओळख करून दिली. माशांची नावं, झाडांची नावं, कुठलं प्रकरण आपल्याबद्दल आहे, सगळं त्याच रकान्यात.

एवढं मी सलग कधी बोलले नव्हते.

मॅडम म्हणाल्या, "वासे, शब्द वाचव. थट्टा जाऊ दे. ही माया आहे हे तुम्हा दोघांना ठाऊक. तिकडे सामोआत आपियाला बसून वाचणाऱ्याला काय ठाऊक? तो म्हणेल, विद्यापीठच डोंगरातल्या लोकांना नावं ठेवतंय."

या देशात कुणी कुणाला काय म्हटलं यावरून काय काय झालंय, ते त्यांच्या भारतीय वंशाच्या लोकांना आमच्याहून जास्त माहीत.

बदल होईपर्यंत मुदत दिली. मी शब्द उघड्या रकान्यात हलवायचे. उरलेलं अपोरोसा पुसणार.

बुधवार, १२ मार्च

दिवसभर नोंदी. एकेक उघडायची, शब्द उचलायचे, लिंक चालते का पाहायचं, थट्टा मागे ठेवायची.

मसीच्या, म्हणजे झाडाची साल कुटून केलेल्या कापडावरच्या लेखसंग्रहाला पुरवठादाराने विषय दिलाय "कागद उद्योग"! कामिनिएलीची टीप – "मसी. विषय वाचून आजीला सांगू नका, ती सोटा घेऊन येईल."

एका नियतकालिकाची लिंक तुटलेली. टीप – "पुढचं दार बंद. मागच्या दाराने या." पुढे चालणारा पत्ता. "डोंगरवाल्यांनी खिडकीतून यावं, त्यांना सवय आहे."

एक भलंमोठं पुस्तक – "जड आहे. बेटांवरच्या केंद्रांत एकेक प्रकरण उतरवा, तेही सकाळी. पूर्ण उतरवायला बसलात तर तुमची मुलं पदवीधर होतील."

मी एकटीच हसत होते. अपोरोसा दोनदा येऊन बघून गेला.

यातलं पुसायचं कुठून आणि ठेवायचं कुठपर्यंत? शेवटच्या टिपेतली थट्टा काढली तर सूचनाच उरत नाही.

शुक्रवार, १४ मार्च

लोसालिनी आली होती, कामिनिएलीची मुलगी. लाबासाला शाळेत शिकवते. बापाचं टेबल आवरायला आलेली. नकाशा मला देऊन टाकला. बापाची भुवई आहे तिला, डावी वर चढते.

जाताना म्हणाली, "वासे आत्या, तुमच्यासाठी बाबांची छत्री दाराशी ठेवली होती. तुम्ही पळवाल म्हणून. आई तर शेजारच्यांना हात लावू देत नव्हती."

ती मोठी काळी छत्री, मुठीला निळी मासेमारीची दोरी गुंडाळलेली. इथल्या सुवाच्या पावसात तो ती दोघांवर धरायचा आणि सांगायचा, डोंगरवाल्यांना भिजू दिलं तर त्यांना कोंब फुटतात.

त्या दिवशी मूठ भिंतीकडे होती; मला वाटलं होतं कुणी पाहुणा विसरला असेल.

मी म्हटलं, सुचलं नाही गं. ती म्हणाली, "तुम्हाला? बाबा म्हणायचे, वासे तोंडाने गरीब, पण कॅटलॉगात चावते. जेवताना तुमची उत्तरं वाचून दाखवायचे आम्हाला."

कुठली उत्तरं?

ती हसली. मी थट्टा करते आहे असं तिला वाटलं.

गुरुवार, २० मार्च

सापडली.

खारफुटीवरचं पुस्तक. त्याची टीप – "तिरी, डोगो. डोंगरवाल्यांनी आधी समुद्र कुठल्या बाजूला आहे ते विचारून यावं." आणि त्याच्याखाली –

"समुद्रवाल्यांना विचारू नये. त्यांना आपली होडी कुठे बांधली ते आठवत नाही."

हे मी लिहिलेलं नाही.

आणखी शोधलं. आहेत, बरीच आहेत. सगळी एकाच घाटाची. "समुद्रवाल्यांना रताळं आणि दगड यातला फरक कळत नाही." "समुद्रवाल्यांना पोहता येत नाही, ते बुडायला उशीर करतात." भाषा आमचीच, फिजियन, पण शाळेत शिकल्यासारखी नेटकी. चूक एकही नाही.

आता आठवतं. तो पडद्याकडे बघून टेबलावर थाप मारायचा आणि माझ्याकडे बोट रोखून हसायचा. मला वाटायचं, स्वतःच्याच विनोदावर हसतोय. मी मान खाली घालून हसायचे. त्याने तोच होकार धरला असणार.

म्हणजे तो गेला तो मी त्याला उत्तरं दिली असं समजून गेला. बरं वाटतंय. आणि दुसऱ्या कुणाचं तरी ताट ओढून जेवल्यासारखंही वाटतंय.

शुक्रवार, २१ मार्च

अपोरोसाला विचारलं, कुणी लिहिलं ते कळेल का? जुन्या कॅटलॉगमध्ये टिपेवर कुणाचं नाव राहत नाही, तो म्हणाला. तूच तर नाहीस? तर म्हणतो, "आत्या, मी ऑकलंडला वाढलो. मला फिजियनमध्ये जेवण मागता येतं. शिवी देण्याइतकी येत नाही."

सेराला विचारलं. तिने शपथ घेतली.

मंगळवार, ८ एप्रिल

ट्यूना सोडला आहे. शंभराव्या रात्रीपर्यंत मयताच्या माणसांनी काहीतरी सोडायचं असतं. त्याच्या भावाने दाढी करणं सोडलंय. मी मयताची माणूस लागते की नाही ते कुणाला विचारलं नाही. डालोचे कंद आणि त्याच्याच पानांची रोउरोउ भाजी नेते डब्यात. सेराने पाहिलं, आपल्यातली अर्धी भाजी मला वाढली.

गुरुवार, २४ एप्रिल

आज काउंटरवर मी होते. सेरा दवाखान्यात गेली होती.

एक बाई आल्या, चाळिशीच्या, ओवालाउ बेटाच्या. तीन मुलांची आई, शिक्षिकेचा अभ्यासक्रम करताहेत. म्हणाल्या, ते पुस्तक हवंय, नदीचं. नाव? नाव आठवत नाही. लेखक? कुणीतरी गोरा. मग जरा लाजून म्हणाल्या, "बाई, ते हो. ज्याला डोंगरवाल्यांनी हात लावू नये."

कामिनिएलीने टीप वाचून दाखवली होती त्यांना. सगळ्यांनाच दाखवायचा, मला माहीत होतं. त्याचं हे फळ मला माहीत नव्हतं.

मी ते शब्द जसेच्या तसे शोधात टाकले. पुस्तक आलं. प्रकरण चार. त्यांनी तिथेच उतरवून घेतलं.

म्हणाल्या, नाव कोण लक्षात ठेवतं? आमच्या वर्गात सगळ्याजणी असंच शोधतात. आजीच्या सोट्याचं पुस्तक, खिडकीतून यायचं मासिक.

मी दीड महिना शब्द एकीकडे आणि थट्टा एकीकडे करत बसले आहे. आणि लोक थट्टेला धरून पुस्तकापर्यंत येताहेत.

सोमवार, २८ एप्रिल

मॅडमकडे पुन्हा. त्या शिक्षिकेची हकीकत सांगितली. म्हटलं, थट्टाही राहू द्या. परक्या माणसाचा गैरसमज होऊ नये म्हणून प्रत्येक टिपेखाली एक ओळ घालू, ही थट्टा काय आहे ते सांगणारी.

मॅडमनी चहा मागवला. मग म्हणाल्या, "तुम्हा लोकांचं बरं आहे, वासे. शिव्या द्यायलासुद्धा नातं आहे. माझ्या आज्याला भारतातून मजुरीच्या गिरमिटात आणून जहाजातून उतरवला आणि बा गावच्या उसात उभा केला. जमीन भाड्याने मिळाली. तौवू कुणी दिला नाही."

त्यांनीच हसून विषय बदलला. ओळ लिहून आण म्हणाल्या, मग बघते.

बुधवार, ३० एप्रिल

ओळ लिहिली. चारदा खोडली. शेवटी –

"या टिपा लिहिणारे दोघे तौवू होते. तौवूने दिलेली शिवी ही शिवी नसते. तिला वाचणाऱ्याने हसावं."

मॅडमनी वाचली. "दोघे?" त्यांनी विचारलं.

मी खरं सांगितलं. एक कामिनिएली. दुसरा मी नाही, आणि कोण ते मला ठाऊक नाही.

त्यांनी पेन घेऊन "दोघे" खोडला. म्हणाल्या, माहीत नाही ते लिहू नये. कॅटलॉगचा पहिला नियम. कागद खणात ठेवला. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत.

सोमवार, १९ मे

शब्द हलवून झाले. तिरीपासून सालालापर्यंत सगळे उघड्या रकान्यात आहेत. तुटलेल्या लिंक जोडल्या. "कागद उद्योग" काढून मसीला तिचा विषय दिला, त्या वेळी जरा मोठ्याने हुश्श केलं.

टिपांचं काय, ते मॅडम अजून सांगत नाहीत. अपोरोसाने विचारलं तर म्हणाल्या, आदल्या दिवशी सांगेन.

रविवार, १ जून

काल शंभरावी रात्र. शोक सोडायचा कार्यक्रम. काळे कपडे उतरले, त्याच्या भावाने दाढी केली, पंचवीस वर्षं लहान दिसायला लागला. घर भरलेलं. आमच्या ऑफिसातले सगळे आले होते. मॅडम निळी साडी नेसून, चटईवर मांडी घालून, वाटी आली की टाळी वाजवून, सगळं रीतीने.

मी ठरवून गेले होते. आत शिरताना पाहिलं, छत्री दाराशी पुन्हा ठेवलेली. निळ्या दोरीची मूठ बाहेरच्या बाजूला, म्हणजे हात घातला की आलीच पाहिजे. लोसालिनीने मला बघून भुवई चढवली.

जेवणं झाली. लोवोतलं, जमिनीतल्या भट्टीत भाजलेलं डुक्कर, डालो, आणि त्याच्या बेटाहून आलेली मासळी. मी मनात वाक्य जुळवत होते. दारात उभं राहायचं, छत्री उचलायची आणि मोठ्याने म्हणायचं. काय म्हणायचं तेही ठरलं होतं. सगळं धैर्य गोळा करून उठले, दाराशी गेले.

छत्री नव्हती.

चपलांच्या ढिगात पाहिलं, पायरीखाली पाहिलं. बाहेर पाऊस लागलेला. लोसालिनी आली, तीही चक्रावली. म्हणाली, "आत्या, शप्पथ, मी नाही हलवली." मग मला हसू आलं, तिलाही आलं. दोघी दारात उभ्या राहून हसत होतो आणि आतले लोक माना वळवून बघत होते. तिची आईसुद्धा हसली. चला, तेवढं तरी तौवूचं काम माझ्या हातून झालं.

मॅडम पावसाआधीच निघून गेल्या होत्या. त्यांना बाहेर पडताना कुणी पाहिलंही नाही. टिपांचं त्यांनी अपोरोसाला काय सांगितलं ते मला कळलंच नाही, आणि विचारायचं राहून गेलं.

आज दुपारी ट्यूनाचा डबा उघडला. पूर्ण खाल्ला.

सोमवार, २ जून

नवा कॅटलॉग सुरू झाला. आधी नदीचं पुस्तक उघडलं. टीप आहे. खाली माझी ओळ आहे, "दोघे" नसलेली. खारफुटीचं पुस्तक उघडलं. त्याची थट्टा आहे, आणि तिचं उत्तरही आहे.

पाऊस कोसळत होता. मुदलियार मॅडम आल्या. हातात मोठी काळी छत्री, मुठीला निळी दोरी. मिटली, आणि माझ्या टेबलाला टेकवून ठेवली. सगळं पाणी माझ्या पायांवर.

"समुद्रवाल्यांना," त्या फिजियनमध्ये म्हणाल्या, त्या उत्तरांसारखंच नेटकं, एकही चूक न करता, "मेल्यावर आपली छत्रीसुद्धा सांभाळता येत नाही."

या वेळी बसची वाट बघावी लागली नाही. मी म्हणाले, "ती छत्री माझी होती. ऊसवाल्यांना चोरीसुद्धा जमत नाही, मालकाच्याच टेबलाशी आणून ठेवतात."

मॅडमनी चष्मा काढला.